६०० ओहमची काच परत ८० वर आली तो दिवस

आमचं काम काचेवर चढवलेल्या झिंक ऑक्साईडच्या पातळ फिल्मवर. त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम घातलं की काच आरपार दिसते पण वरून करंट जातो, मोबाईलच्या स्क्रीनवर हेच काम करतं ते आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साईड, त्याला इंडियम लागतं आणि इंडियम मुळात झिंक काढताना थोडंथोडकं मिळतं म्हणून महाग, त्यामुळे हे झिंकवालं स्वस्त मटेरियल टिकलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण याला दमट हवा सोसत नाही. आणि लॅब कोल्हापुरात, महिना जुलै!

त्या दिवशी डॅम्प हीटचे, म्हणजे दमट उष्णतेच्या टेस्टचे सॅम्पल बाहेर काढायचे होते. सोलर पॅनलला लावतात तीच टेस्ट, ८५ डिग्री, ८५ टक्के ह्युमिडिटी, १००० तास. काही काचा उघड्या, काहींवर एएलडीने (अणूंचा एकेक थर चढवायची पद्धत) ३० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड चढवलेला. अ‍ॅल्युमिना इन्सुलेटर आहे, म्हणून कोपऱ्यातल्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे मोजायला तारा जोडतो तिथे, आधी टेप लावायची आणि मग कोटिंग, नाहीतर नंतर मोजणार कुठे.

बाहेर काढल्या तर सगळ्या सारख्याच दिसतायत. ट्रान्समिशन, म्हणजे आरपार जाणारा प्रकाश, दोन्हींचं ८० टक्क्यांच्या वर. ज्युनिअर खुश, "ताई, काहीच झालं नाही की!" मग रेझिस्टन्स घेतला. कोटिंगवाली ४० ओहम पर स्क्वेअरची (पातळ फिल्मचा रेझिस्टन्स असाच सांगतात) ४५ झालेली, बस्स. उघडी मात्र ४० वरून थेट ६०० च्या पुढे. दुसरा तुकडा लावला, तेच.

मॅडम म्हणाल्या, फिल्म विरघळली असेल, जाडी बघ. बघितली, २०० नॅनोमीटर होती तेवढीच आहे. एक्सआरडीचा, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या एक्स-रे तपासणीचा, पीक पण जागेवर. मग हॉल मेजरमेंट घेतलं, त्यात चुंबकीय क्षेत्र लावून इलेक्ट्रॉन किती आणि किती सहज सरकतात ते मोजतात, तेव्हा खरं कळलं, इलेक्ट्रॉनची संख्या थोडीच कमी झालेली पण मोबिलिटी, म्हणजे सरकण्याची सहजता, जवळपास दहापट खाली. म्हणजे इलेक्ट्रॉन आहेत, त्यांना जाता येत नाहीये. ही फिल्म एकसंध नसते, उभे लांबट दाणे एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्या फटींतून पाण्याची वाफ आत शिरते, ऑक्सिजन नि हायड्रॉक्सिल दाण्यांच्या कडांना बसतात आणि इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात, गावं शाबूत पण प्रत्येक वेशीवर नाकाबंदी.

"नुसतं चिकटलेलं असेल तर तापवल्यावर सुटेल," मॅडम म्हणाल्या, "व्हॅक्यूममध्ये २०० डिग्रीला ठेव." ठेवलं. पूर्ण थंड होईपर्यंत चेंबर उघडायचा नाही, गरम असताना हवा लागली की परत ऑक्सिजन बसणार, त्यामुळे नुसतं बसून राहिलो, जेवायलासुद्धा कोणी हललं नाही.

रीडिंग आलं ८० ओहमच्या आसपास. मी ओरडलेच! पूर्ण ४० नाही, काहीतरी कायमचं बिघडलंय आतमध्ये, ते शोधायचंय. पण फिल्म मेलेली नव्हती हे डोळ्यांसमोर दिसलं, आणि माझ्या मते इथून पुढे डोपिंगमध्ये (अ‍ॅल्युमिनियम मिसळण्यात) फार डोकं घालण्यापेक्षा कोटिंगमधली बारीक छिद्रं आणि कापलेल्या कडा यांच्यावर वेळ घालवायला हवा, कारण पाणी तिथूनच घुसतं.

संध्याकाळी तो बरा झालेला तुकडा बाहेर ठेवलाच नाही, टेप लावून सरळ एएलडीत टाकला. आता त्याचे १००० तास सुरू आहेत, म्हणजे सहा आठवडे.