वेंगुर्ल्याच्या वाटेने बेळगाव : पाद्र्यांच्या जुन्या पुस्तकांच्या मागावर

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून बेळगावला येणारा गोरा माणूस, मग तो साहेब असो वा पाद्री, बहुधा समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरे आणि पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे. जानेवारीत आम्ही तिघांनी तीच दिशा धरली. आंबोली आणि शिनोळीवरून जाणारे हे सुमारे सव्वाशे किलोमीटर आता गाडीने एका सकाळीत उरकतात. पावसाळ्यात गलबते बंद पडत आणि वाटा चिखलात बुडत, म्हणून मिशनऱ्यांचे गावोगावचे दौरे हिवाळ्यात निघत. मागून येणाऱ्यांनीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, कारण पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात पुढची गाडीदेखील दिसत नाही.

बेळगावचा किल्ला इंग्रजांनी 1818 मध्ये घेतला आणि दोनच वर्षांनी लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर येथे आले. पुढे विल्यम बेनन आले. मिशनची इंग्रजी शाळा 1832 ची असून बेनन-स्मिथ या नावात ती आजही टिकून आहे. सोसायटीने 1904 मध्ये आपले काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, चर्चांची नावे वाचताना गोंधळ होत नाही.

आम्ही सर्वाधिक रेंगाळलो ते छावणीच्या जुन्या दफनभूमीत. शेवाळाने काळवंडलेल्या एका बुटक्या दगडावर बोट फिरवले, तेव्हा आधी महिने आणि मग दिवस असे तान्ह्या बाळाचे वय हाताला लागले. वर्षांचा आकडा त्यावर नव्हताच. मिशनच्या छापील अहवालांत अशा दुःखाला जेमतेम एक ओळ मिळते. ते अहवाल विलायतेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत. त्यामुळे आपल्या जत्रा आणि देव यांविषयीचे त्यांतले शेरे जपून वाचावेत, मात्र रस्ते, साथी आणि शाळा यांच्या नोंदी अवश्य टिपून घ्याव्यात. जोडीला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावविषयीचा एकविसावा खंड (1884) असावा. त्याची प्रत इंटरनेटवर मोफत मिळते. ती घरूनच उतरवून घ्यावी, घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

किल्ल्यात कमलबस्ती या जुन्या जैन मंदिराच्या छतावरचे दगडी कमळ मान वर करून निवांत पाहावे. कॅम्प आणि किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावे आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. आम्ही काढला आणि बोलणी खाल्ली. चर्च आतून पाहायचे असेल तर रविवारी सकाळची प्रार्थना संपल्यावर जावे. इतर दिवशी आम्हाला कुलूपच दिसले.

दुसरा दिवस हाती असल्यास मध्यवर्ती बसस्थानकावरून धारवाडची बस धरावी. वाटेत कित्तूर लागते. राणी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत 1824 मध्ये कलेक्टर थॅकरे मारला गेला तो तेथेच, आणि त्यानंतर अवघ्या 13 वर्षांनी, 1837 मध्ये, स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने धारवाडात बस्तान बसवले. त्याच मिशनचे किटेल कन्नड शब्दकोशासाठी (1894) आजही आदराने आठवले जातात. कित्तूरचा वाडा भग्न असला तरी त्याला दोन तास द्यावेत, आणि ऊन चढण्याआधी तो पाहून घ्यावा, कारण पडक्या भिंतींना सावली फारशी नाही.