पानचांगचे कान

बुधवार, रात्री

आज पानचांग ही चिनी शोभेची गाठ विणून झाली. लाओशींनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, फळ्यावरच्या टाचण्या काढायला लावल्या, तेव्हा हातात आलं ते लाल दोरीचं ढिलं, पसरट जाळं. त्यातून गाठ अजून काढायची आहे.

तैपेईत चिनी गाठींची ही कला शिकताना तीन शब्द सतत कानावर पडतात: ब्येन, चौ, श्यौ. आधी विणायचं, मग ओढून आकार द्यायचा, शेवटी टाके, मणी, गोंडे. विणण्याची वाट आराखड्यात काढून दाखवता येते. ओढण्याची नाही, ती बोटांनाच शिकावी लागते. एकच आराखडा दोघींनी विणला तरी गाठी दोन तऱ्हांच्या होतात, आणि मला वाटतं कारागिराची खरी ओळख तिथेच पटते.

सगळी गाठ एकाच दोरीची. ती मधोमध दुमडायची, टाचण्यांभोवती उभे फेरे घ्यायचे, मग त्यांच्या वरून-खालून आडवे. पुढून-मागून रूप सारखंच, कारण आत दोन थर असतात. ओढताना आधी मधला चौकोन आवळायचा. कडेचे फासे, म्हणजे ‘कान’, तोवर लांबच ठेवायचे. मग दोरीच्या मध्यापासून निघून एका कानातला सैलपणा पुढच्या कानात, तिथून त्याच्या पुढच्यात, असा दोन्ही टोकांपर्यंत न्यायचा. मधे कुठे जास्त जोर लागला की चौकोन कलतो. आज अर्धा तास या सरकवण्यातच गेला आणि मला तो फार आवडला. दोरी कुठून कुठे गेली आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळायला लागतं.

पानचांग म्हणजे बौद्ध अष्टमंगलांतली अनंत गाठ, श्रीवत्स. तीर्थंकरांच्या मूर्तींच्या छातीवर वेगळ्या रूपातलं श्रीवत्स आपण पाहतो. त्याचं हे भावंड बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोचलं आणि तिथे लाल दोरीत उतरलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

चीनच्या छिंग राजवटीच्या काळात अशा गाठी पंख्यांना, अत्तराच्या पिशव्यांना, रुयी या शोभेच्या शुभ दंडांना लटकत. पुढे हे हातकाम मागे पडलं. १९७० च्या दशकात इथे तैवानात चेन शिया-शंग यांनी जुन्या वस्तूंवरच्या गाठी अभ्यासल्या आणि ११ मूळ गाठी नीट लावून दिल्या. आम्ही शिकतो तो क्रम त्यांच्याच मांडणीतून आलेला. एवढं काम कुणी केलं नसतं तर आज माझ्यासमोर आराखडासुद्धा नसता.

शनिवारी दीहुआ रस्त्यावरच्या योंगल बाजारातून जरा ताठ दोरी आणायची. सध्याची सॅटिनची दोरी सुंदर आहे, पण तिचे कान लगेच मान टाकतात. पानचांग नीट बसली की मग बटणाची गाठ, छीपाओ या चिनी पोशाखाच्या गळ्याशी असते ती.