आवाज बंद करून

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

ऊसतोडीवरच्या एका माहितीपटाचं संकलन करतेय. आज टाइमलाइनवरचे सगळे ऑडिओ ट्रॅक बंद केले आणि नुसती बघत बसले. तीन आठवडे एकाच सीनशी झटापट चालली होती. तोडणी चाललेल्या उसाच्या फडाच्या कडेला उकिडवा बसून नवरा बोलतोय. यंदा मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, किती घेतली, गेल्या हंगामातली किती अजून अंगावर आहे. बोलतो चांगला, म्हणून मी दर वेळी त्याच्या बोलण्यावर कट मारायची. त्याचं वाक्य संपलं की पुढचा शॉट. सीन कळायचा सगळा, पण बघून उठल्यावर मनात काही उरायचं नाही.

आवाज गेला आणि त्याची बायको दिसली. त्याच्या मागे, फ्रेमच्या उजव्या कडेला. मोळी बांधायला वाढ्यांना, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांना, पीळ देत बसलेली. तो बोटं वर करून उचलीचा आकडा दाखवतो आणि तिचे हात थांबतात. दोन सेकंद, फार तर तीन. मग ती तो बंध असा करकचून आवळते की अख्खी मोळी जागची हलते. हा तुकडा मीच काढून टाकला होता. का, तर तिथे तो बोलायचा थांबला होता.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल जोडीची, काम दोघांचं. आणि माझ्या कटमध्ये ती कुठेच नव्हती. फार वाईट वाटलं.

आवाज बंद करायचं सुचलं ते ‘हनीलँड’ या माहितीपटामुळे. गेल्या रविवारी पुन्हा पाहिली. उत्तर मॅसेडोनियातल्या बेकिर्लिया नावाच्या ओस पडलेल्या गावात हातिजे मुरातोव्हा ही मधपाळ बाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते. अर्धा मध स्वतः घेते, अर्धा माश्यांना ठेवते. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव्ह हे दोघे दिग्दर्शक तिकडे गेले होते ते ब्रेगाल्निका नदीच्या परिसरातल्या निसर्गसंवर्धनावर एक छोटी फिल्म करायला. हातिजे भेटली आणि तीन वर्षं तिथेच गुंतले. गावात वीज नाही, म्हणून घरातलं चित्रण दिव्याच्या, मेणबत्तीच्या, चुलीच्या उजेडात. फेज्मी दाउत आणि समीर ल्युमा या दोन कॅमेरामननी ते कसं केलं असेल, याचा विचार करते तेव्हा दर वेळी हात जोडावेसे वाटतात. जेमतेम अर्धा डझन माणसांची टीम, तंबूत मुक्काम.

पण मला खरी धरून ठेवणारी गोष्ट पुढची आहे. हातिजे बोलते ती जुन्या वळणाची तुर्की. ती दिग्दर्शकांना येत नव्हती. समोर भांडण चाललंय, कोणी कोणाची समजूत काढतंय, आणि कॅमेऱ्यामागच्यांना शब्द कळत नाहीत. चारशे तासांच्या वर फुटेज. ते संकलक अतानास गेओर्गिएव्हबरोबर बसले तेव्हा आधी चित्रावरच गोष्ट लावत गेले. चेहरा, हात, कोण कोणापासून किती लांब उभं आहे. भाषांतर मागाहून आलं. 2019 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तीन पुरस्कार, 2020 च्या ऑस्करला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी दोन्हीकडे नामांकनं. एकाच फिल्मला ही दोन्ही नामांकनं त्याआधी कधी मिळाली नव्हती.

हाच अतानास पुढे आपल्या मुंबईच्या कोळ्यांपाशी येऊन पोचला. सर्वनिक कौरची ‘अगेन्स्ट द टाइड’, दोन कोळी मित्रांची गोष्ट. एक बापजाद्यांसारखा किनाऱ्यालगत मासेमारी करणारा, दुसरा खोल समुद्रात एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढण्याच्या मागे लागून कर्जात रुतलेला. 2023 ला सनडान्समध्ये तिला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला. तिच्या संकलकांत त्याचं नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ज्या भाषेत मी वाढले त्या भाषेतली फिल्म हजारो मैलांवरून आलेल्या माणसाने कापली आणि त्या मित्रांमधला अबोला मला आरपार कळला.

मला मराठी येते, म्हणूनच मी शब्दांच्या मागे धावते का?

गुरुवार, दुपार

कॅमेरा केलेल्या मुलाला फोन लावला. म्हटलं, “अरे, उचलीच्या सीनमध्ये दिग्दर्शक तुला खुणेने क्लोज जा सांगतोय, बाजूला हात दिसतोय त्याचा. तू गेला का नाहीस?”

जरा घाबरलाच. “चुकलं का ताई? त्या वहिनींचे हात चालू होते. ते कापून आत जावंसं वाटेना.”

चुकलं कसलं! त्या पोराने सीन तेव्हाच पाहिला होता. मला तीन आठवडे लागले.

दुपारी आवाज परत लावला, या वेळी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीच्या नोंदवहीसकट. तिची सवय आहे, कॅमेरा बंद झाला तरी रेकॉर्डर चालू ठेवते. त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय : ‘सीननंतर चार मिनिटं, बाईचा आवाज, मोळी उचलताना.’ फाइल उघडली. पाचटावरून, उसाच्या वाळक्या पाल्यावरून चालल्याची करकर, दूर ट्रॅक्टर, आणि धाप लागलेल्या आवाजात एवढंच, “औंदा तरी फिटंल का ओ?” त्याचं उत्तर नाही. पुन्हा करकर.

हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं, कारण त्याला चित्र नव्हतं.

एका निधीच्या निवड समितीने मागे विचारलं होतं, फिल्मला निवेदन का नाही, प्रेक्षकाला समजणार कसं. दिग्दर्शक त्या दिवशी गप्प गप्प होता. फिल्म त्याच्या साठवलेल्या पैशांवर चालली आहे, आम्हा तिघांचं मानधन कधी मिळेल ते त्यालाही माहीत नाही, तरी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा फडावर गेला. नवरा-बायकोच्या कोपीपाशी, त्यांच्या झोपडीपाशी, कॅमेरा न काढता दोन दिवस नुसता बसून आला. ती बाई कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी वावरते, ते त्या दोन दिवसांमुळे. हे श्रेयनामावलीत कुठल्या हुद्द्याखाली लिहितात?

‘हनीलँड’वाल्यांनी बक्षिसाच्या पैशातून हातिजेला वस्तीतल्या गावात घर घेऊन दिलं. आमच्याकडे तसं काही द्यायला नाही. पण पहिला कट आधी त्या दोघांना, त्यांच्या गावी जाऊन दाखवायचा, एवढं आम्ही चौघांनी शूटिंगच्या पहिल्या दिवशीच ठरवलंय. ती नको म्हणाली तर तिचं वाक्य काढायचं.

गुरुवार, रात्र

सीन नव्याने लावला. नवऱ्याचं निम्मं बोलणं गेलं. हातांचा शॉट सलग चौतीस सेकंद, मध्ये एकही कट नाही. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फ्रेमबाहेर जाते, रिकाम्या फडावर पाचट उडतंय, आणि तिथे तिचा आवाज येतो.

दिग्दर्शकाला लिंक पाठवली आहे. अजून उघडलेली दिसत नाही. झोपला असेल.