कात्रीमुळे वाचलेला डॉक्टर

मेलबर्नला राहायला आल्यापासून ‘डॉक्टर हू’ मला परकी वाटतच नाही. टीव्हीवरची ही विज्ञानकथा मालिका बीबीसीची, लंडनची, हे खरं. पण 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झालेल्या पहिल्या कथेचा लेखक अँथनी कोबर्न मूळचा मेलबर्नचाच. अंगावर काटा आणणारं ते शीर्षकसंगीत रचणारा रॉन ग्रेनर क्वीन्सलँडमधल्या अ‍ॅथर्टनचा. आणि त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन तर लखनौत जन्मलेले! इथल्या मराठी मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते.

मला सगळ्यात भावते ती मात्र कापाकापीची गोष्ट. साठच्या दशकात इथे एबीसीवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर, भाग लागण्याआधी सरकारी सेन्सॉर तो बघायचे आणि मुलं घाबरतील असे तुकडे फिल्ममधून कापून टाकायचे. ब्रिटनमधल्या मुलांनी पाहिलेली दृश्यं इथल्या मुलांना दिसलीच नाहीत. पुढे बीबीसीने जुन्या टेप पुसल्या. 90 हून जास्त भाग आजही हरवलेले आहेत. कापलेले तुकडे मात्र इथल्या सरकारी दप्तरात पडून होते, ते 1996 मध्ये सापडले. केवढं हे नशीब!

1968 च्या ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या कथेचा एकही भाग पूर्ण उरलेला नाही. पण त्यातले खलनायक ओक आणि क्विल तोंड वासून विषारी वायू सोडतात, ते दृश्य आहे, कारण ते इथे कापलं गेलं होतं. लेकीला दाखवलं तर ती माझ्या दंडाला घट्ट धरून बसली. 2020 मध्ये आलेली त्या कथेची अ‍ॅनिमेशन आवृत्ती या शनिवारी दोघी मिळून बघणार आहोत.