तुम्ही विचारलंत म्हणून: घरापुढं लॉन हवंच का?

लातुरात ओळखीचं कुणी घर बांधायला काढलं की स्लॅब पडायच्या आत मला फोन येतो. "काकू, पुढं आठशे स्क्वेअर फूट जागा सोडलीय. लॉनच करू ना?" विचारणाऱ्याचं मनात ठरलेलं असतं, नर्सरी कुठली चांगली आणि फुटाला काय भाव पडेल, एवढंच त्याला हवं असतं. आमच्या घरापुढचं लॉन पाहिलेली ही माणसं. आता ते नाही, आणि का नाही हे फोनवर दोन वाक्यांत सांगून होत नाही. परवा एकाच आठवड्यात तिघांनी विचारलं, तेव्हा ठरवलं, लिहूनच काढू.

आधी उत्तर सांगते. लॉन करू नका. जागा मोकळी सोडलीत हे फार चांगलं केलंत, घराला अंगण हवंच. पण अंगण म्हणजे गवत, हे तेवढं डोक्यातून काढून टाका.

२००९ साली आम्ही इथं राहायला आलो तेव्हा माझीही तीच हौस होती. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. अशा मातीवर लॉन नीट बसत नाही म्हणून माळ्यानं वीतभर काळी माती काढून टाकली, तांबड्या मातीच्या ट्रॉल्या आणून पसरल्या, शेणखत मिसळलं, रोलर फिरवला आणि वर कार्पेट लॉनचे तुकडे फरशीसारखे जोडून बसवले. महिन्या-दीड महिन्यात सांधे मिळून आले. सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलं की डोळे निवायचे. ते सुख खरं होतं, नाकारत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात लव्हाळा आला. शेणखतातून आला की गवताबरोबर, कोण जाणे. गालिच्यातून त्याची फिकट चकचकीत पाती दोन दिवसांत बोटभर वर यायची. पातं ओढलं की तुटून हातात यायचं आणि आठवड्याभरात तिथंच पुन्हा उभं. मग खुरपं घेऊन बसायचं. दोन-तीन इंच खाली काळपट गाठ लागते, हरभऱ्याएवढी, केसाळ सालीची. नखानं चिरली की आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा. त्या गाठीला तारेसारखं मूळ, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिच्यापुढं तिसरी. एक साखळी पुरती काढायची तर हातभर लॉन उचकटावं लागतं. कितीतरी रविवार मी असे घालवले. सासूबाई पायरीवर बसून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या आजेसासऱ्यांचा जन्म गेला रानातली हराळी काढण्यात, अन् तू गवत विकत आणून लावलंस होय गं?"

त्या टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच उमगत नव्हतं. हराळी-कुंद्यानं धरलेलं रान म्हणजे निम्मं गेलेलं रान. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि मागून बायकांनी काशा, म्हणजे जमिनीत पसरलेली मुळं, वेचून बांधावर टाकायच्या, हे त्यांनी स्वतः केलेलं. गवताला आपल्यात मान नाही असं नाही. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते, आणि दूर्वा म्हणजे हराळीच. पण ती बांधावरून खुडून आणायची असते.

त्यांच्या बोलण्यावर मी विचार करत राहिले, आणि एकदा आठवून पाहिलं की इतक्या वर्षांत या लॉनवर बसलं कोण? लॉनला दिवसभर ऊन लागतं. कडेचं झाड वाढलं की त्याच्या सावलीतलं गवत विरळ होतं आणि माळी झाड छाटायला सांगतो. म्हणजे जिथं लॉन दाट, तिथं सावली नाही. आणि आमच्याकडे फेब्रुवारी ते जून सावलीवाचून बाहेर बसेल कोण? संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हा नुकतंच पाणी घातलेलं असतं, बसलं की कपडे ओले. पावसाळ्यात चिखल. उरले थंडीचे दोन महिने, त्यातही आम्ही पायरीवरच बसायचो. लॉनवर नेमानं चालणारा एकच माणूस होता, मशीन ढकलणारा माळी.

ही चाल जिथं रुजली त्या इंग्लंडात वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो आणि ऊन मऊ असतं. तिथं गवत आपोआप वाढतं, अडचण ते कापण्याची. मेंढ्या आणि कोयते होतेच. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसानं गिरणीत लोकरी कापडाची लव भादरणारं यंत्र पाहून गवत कापायचं मशीन काढलं. साहेबाबरोबर ती आवड इकडे आली, कँपातल्या बंगल्यांपुढं आणि जिमखान्यांवर. आमचं लातूर निजामाच्या राज्यातलं, तरी विश्रामगृहापुढची हिरवळ आम्हीही लहानपणी कुंपणाबाहेरून पाहिली, आणि मोठ्या माणसाचं घर असंच असतं हे मनात बसलं. इथला पाऊस सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर. पुढचे सात महिने गवताला मिळतं ते आपण ओतलेलं पाणी.

त्या पाण्याचा हिशेब मी फार उशिरा केला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला पाचेक मिलिमीटर लागतं. आमचं आठशे स्क्वेअर फूट म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. रोजचे ३७० लिटर झाले. हाच दर धरून चार महिन्यांचे ४४ हजारांवर जातात, म्हणजे पाच हजार लिटरचे नऊ टँकर. पाईपनं घालताना वाया जातं ते वेगळं. बोर घरचा असल्यामुळे हे आकडे कधी डोळ्यांपुढं आलेच नव्हते.

२०१६ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी पाईप धरून लॉनला पाणी घालत होते. मागच्या गल्लीतली एक बाई दोन घागरी घेऊन फाटकाशी आली. "ताई, बोरला पाणी आहे का? एवढ्या दोन भरून देता?" लॉनकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी पाईप तसाच तिच्या घागरीत धरला. घागर भरेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. माझ्या पायाखालचं गवत चपचपीत भिजलेलं होतं. मला मान वर करता येईना.

त्यानंतर मी लॉनला पाणी घातलं नाही. मार्चमध्ये बोरही आटला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी, आणि आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर, घरटी दोनशे लिटर. लॉनला मी रोज ३७० घालत होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्यासारख्या अकरा लॉनचा एक उन्हाळा. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायचा आदेश झाला. गवताला पाणी घालणं ही घरगुती बाब आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

लॉन मरताना मी पाहिलं. आधी हिरव्यावर निळसर राखाडी झाक आली. त्यावरून चाललं की पाऊल उमटायचं आणि तसंच राहायचं, पाती उठायची नाहीत. मग ते कडेनं पिवळं पडत आत आत गेलं आणि एप्रिलच्या मध्याला काथ्याच्या पायपुसण्यासारखं झालं. वाईट वाटलं. सात वर्षं वाढवलेलं होतं.

त्या वर्षी पावसानं शेवटी भरभरून दिलं. मेलेल्या लॉनच्या जागी कुणी न पेरता कंबरमोडी आली, चिवळ आली, कडेला आघाडा. कंबरमोडीच्या एवढ्याशा पिवळ्या फुलांवर इतकी फुलपाखरं बसलेली मी त्या अंगणात पहिल्यांदाच पाहिली. सासूबाईंनी चिवळ खुडून मुगाच्या डाळीत घातली.

आता तिथं काय आहे ते सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. मधोमध दहा बाय बाराचा चौक, मुरूम घालून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकलेला. धूळ हा आपल्याकडचा खरा त्रास आहे, पण ठोकलेला मुरूम उडत नाही आणि सकाळी हलका सडा पुरतो. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशी, फटी मोकळ्या ठेवून, म्हणजे पाणी मुरतं. पश्चिमेला कडुनिंब. दुपारी चारनंतर त्याची सावली चौकावर येते आणि आम्ही बाजा टाकून बसतो. पूर्वी हेच झाड छाटायचा माळ्याचा आग्रह होता. कुंपणाकडेनं मोगरा, पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, शेवगा. आणि दोन सीताफळं, माझी सगळ्यांत लाडकी. हे झाड आपला उन्हाळा ओळखून आहे. पानं गाळून गप्प उभं राहतं, पाणी मागत नाही, पावसाबरोबर पालवतं आणि दिवाळीच्या सुमारास फळ देतं. शेजारच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही. सगळ्या झाडांच्या बुडाशी कडुनिंबाचा पाला अंथरलेला असतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीनं पाणी, तेही धुण्या-भांड्याचं गाळून.

छतावरचं पाणी बोरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंय. हजार स्क्वेअर फूट छतावर साडेसातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी. लॉनचा ठेका देण्याआधी तो पैसा यात घाला, हे मी हात जोडून सांगते.

घरात तीन-चार वर्षांची लेकरं असतील, पडतात-धडपडतात, तर खोलीएवढा तुकडा गवताचा ठेवा, त्याला माझी हरकत नाही. पण तो हराळीचा ठेवा. उन्हाळ्यात ती वाळू द्या, पिवळी दिसली तरी दिसू द्या. काशा जिवंत असतात, पहिल्या पावसात ती परत हिरवी होते. प्लास्टिकचं लॉन मात्र अजिबात नको. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल.

माझी मावसबहीण लास व्हेगासला असते. तिच्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला, की रस्त्याकडेच्या आणि ऑफिसांपुढच्या निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. घरांना त्यातून सूट आहे, तरी तिनं आपणहून लॉन काढून टाकलं.

बांधकाम चालू असेल तर मे महिन्यातच दोन बाय दोनचे खड्डे काढून ठेवा, ऊन खाऊ द्या, आणि पावसाच्या तोंडावर माती-शेणखत भरा. सीताफळाची आठ-दहा रोपं माझ्याकडे पिशव्यांत तयार आहेत. मृग लागला की येऊन घेऊन जा. लव्हाळ्याची गाठ मातीत आलेली नाही ना, तेवढं पिशवी फोडून आधी बघू.