जेजुरीहून बारामती: माउलींच्या वाटेवरून तुकोबांच्या वाटेवर

मोरगाव ते बारामती हा टप्पा पाठीवर चार लिटर पाणी असल्याशिवाय चालू नका. पुढचं काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर आळंदीहून पंढरपूरला पायी निघालो होतो. दिवेघाट, सासवड, जेजुरी माउलींच्या मार्गानं करायचं, तिथून वाल्हे-लोणंदकडं न जाता मोरगाववरून बारामती गाठायची आणि तुकोबांचा मार्ग धरायचा, असा बेत. घाट होतो, खंडोबा होतो, मोरेश्वर होतो, शिवाय काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर, सराटीही पायाखालून जातात. बेत उत्तम आहे, आजही तेच म्हणेन. पण या जोडवाटेची खरी माहिती कुणी दिली नाही. जेजुरीत चहाच्या टपरीवर दोघा-तिघांनी छातीठोक सांगितलं, "चाळीसच्या आत बारामती, सपाट रस्ता, पावलोपावली हॉटेलं." प्रत्यक्षात जेजुरी-मोरगाव 17 किलोमीटर आणि तिथून बारामती आणखी 35 च्या आसपास. सांगणारे सगळे मोटारसायकलवर फिरणारे.

वारीत टँकर, चहा, केळी, फराळ मागायच्या आत हातात येतो. आपल्याला त्याचीच सवय. ही वाट मुळात पालखीची नाही, त्यात दिवस आषाढाचे नाहीत. इथं तुमचं कुणी वाट बघत नसतं.

बारामती म्हटलं की डोळ्यांपुढं ऊस येतो. तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा भाग. मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा पट्टा जिरायती, वर्षानुवर्षं दुष्काळी. सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे, त्यावरून माळ कसा असेल ते ओळखा. गवत, बाभळी, मध्येच एखादा मेंढरांचा वाडा. दहाच्या पुढं टेकायला सावली शोधावी लागते. मला एक हापसा दिसला तो कोरडा. शेवटी एका वस्तीवरच्या आजींनी हंड्यातलं पाणी दिलं, वर भाकरीही पुढं केली. त्या नसत्या तर माझं काही खरं नव्हतं.

याहून वाईट म्हणजे ट्रॅक्टर. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं असतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्यानं गाणी लावून चालवतात. मागून हॉर्न दिला तरी चालवणाऱ्याला ऐकू जात नाही. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना उसाची टिपरं हात-हातभर बाहेर आलेली असतात. त्यातलं एक माझ्या सॅकच्या पट्ट्यात अडकलं आणि मी गर्रकन फिरून साइडपट्टीच्या खडीवर आपटलो. कोपर सोलवटलं. वीतभर आत चालत असतो तर हे लिहायला राहिलो नसतो. म्हणून कळकळीनं सांगतो: रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. ट्रॅक्टर दिसला की थेट मातीत उतरा. पहाटे निघणार असाल तर अंगावर पुढून-मागून दिसेल अशी चमकणारी पट्टी हवीच, नाहीतर अंधारात गाडीवाल्याला तुम्ही कुठून दिसणार.

मुक्कामाचं गणित कॅलेंडर बघून मांडा. मी मोरगावात पोचलो तो दिवस संकष्टीचा. एरवी पाचशेला मिळणारी खोली बाराशेला, तीही पंखा नसलेली, आणि पायी आलोय म्हटल्यावर मालकानं अंघोळीच्या गरम पाण्याचे वेगळे शंभर लावले. देवाच्या दारी पायी आलेल्याला असं नागवणं मला आजही सहन होत नाही. संकष्टी, विनायकी टाळा. जेजुरीत सोमवती आणि चंपाषष्ठीचे दिवस टाळा.

मोरगावहून पहाटे चारला निघा, उजाडेपर्यंत पहिले दहा किलोमीटर मागं टाका. दिवसाला पस्तीस चालायची सवय नसेल तर मोरगावहून सरळ एसटीनं बारामतीला जा. त्यात काही कमीपणा नाही. मोबाइलचा नकाशा माळावरून जवळची वाट दाखवेल, तिकडं फिरकू नका. ती तारेच्या कुंपणाला जाऊन थांबते.

बारामतीच्या पुढं सांगण्यासारखं काही नाही. पाणी आहे, झाडं आहेत, गावं जवळजवळ आहेत. अकलूजनंतर वाखरीपर्यंत नुसते पाय उचलायचे.

नंतर मुद्दाम जाऊन दुसरी जोडवाटही चाललो: माउलींच्याच मार्गानं फलटणपर्यंत जायचं आणि सांगवीला नीरा ओलांडून बारामती. अंतर तीसच्या आत. दोन्ही तीरांवर कालव्यांचं पाणी, बागायत, माणसांची वर्दळ. ट्रॅक्टर इथंही आहेत, पण तहानेनं जीव जात नाही. शिवाय माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं तो चांदोबाचा लिंबही वाटेतच येतो. मोरगावचं दर्शन पायीच घ्यायचं असा नेम नसेल तर डोळे झाकून हीच वाट धरा.