बाटलीवर ४०, सिरिंजवर १०० : आईचं इन्सुलिन सुरू करतानाचा माझा अनुभव

आईला १४ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर चालू होतं. गेल्या वर्षी तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी १०.४ आली आणि डॉक्टर म्हणाले आता इन्सुलिन घ्यावंच लागेल. आई रडायलाच लागली, तिचं एकच, सुई लागली म्हणजे माणूस शेवटाला आलं. तिच्या मावशीला असंच झालेलं, सुई सुरू झाली आणि वर्षात गेली, हे तिच्या डोक्यात पक्कं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की इतक्या वर्षांत तुमचं स्वादुपिंड थकलंय, ते पुरेसं इन्सुलिन बनवत नाही, जे कमी पडतंय तेच आपण बाहेरून देतोय. मावशीला सुई फार उशिरा सुरू झाली असणार, असंही म्हणाले. तेव्हा कुठे ती तयार झाली.

३०/७० चं इन्सुलिन (३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के हळू काम करणारं, असं मिश्रण) दिलं, सकाळी २० युनिट संध्याकाळी १०, जेवणाआधी अर्धा तास. मी पुण्यात, आई दादा-वहिनीकडे बार्शीजवळ गावाला, त्यामुळे सुई द्यायचं काम वहिनीने शिकून घेतलं. ते दुधाळ असतं, बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांमध्ये हळू फिरवायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं आणि रोज जागा बदलायची नाहीतर तिथे गाठ होते आणि औषध नीट लागत नाही. वहिनी हे सगळं अगदी मनापासून करत होती.

तरी शुगर खाली येईना. उपाशीपोटी २६०, जेवणानंतर ३३० च्या पुढे. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी डोस २६-१४ केला, मग ३२-१८. घरात सगळे आईवर संशय घ्यायला लागले की ही चोरून गोड खाते. मी पण फोनवर तिला बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

महिन्याभराने मी गावाला गेले तर पहिलीच बाटली अजून चालू, तळाला आलेली पण संपलेली नाही. मला ते खटकलं. बाटलीवर लिहिलं होतं ४० आययू प्रति एमएल, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, बाटली १० एमएल, म्हणजे ४०० युनिट, रोजचे ३० धरले तरी १३ दिवसांत संपायला हवी. मग सिरिंज हातात घेतली, नारंगी टोपणाची, वर १०० लिहिलेलं. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने १०० ची दिली होती आणि आम्हाला कुणालाच असा फरक असतो हे माहीत नव्हतं. १०० च्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की ४० च्या बाटलीतलं औषध फक्त ८ युनिट जातं. महिनाभर आईला सांगितलेल्या डोसच्या निम्म्याहून कमी औषध जात होतं आणि आम्ही तिच्या तोंडाला कुलूप लावत होतो.

आता महत्त्वाचं, दादा म्हणाला लगेच लाल सिरिंज आणू आणि ३२ देऊ. मी थांबवलं, कारण तो ३२ चा आकडा चुकीच्या सिरिंजवरून वाढत आला होता, खरे जेमतेम १३ युनिटच जात होते, एकदम ३२ दिले तर शुगर धाडकन पडली असती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लाल सिरिंजने सकाळी १४ संध्याकाळी ८ पासून सुरू करा, रोजची शुगर कळवा, त्यावरून वाढवू. उलटी चूक तर आणखी भयंकर, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अडीच पट जातं. म्हणून दोन्ही आकडे जुळवून बघितल्याशिवाय सुई भरायची नाही हे वहिनीने कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय.

एकदा मात्र शुगर पडलीच. एकादशीला आईने सुई घेतली आणि कुणाला न सांगता नुसत्या पाण्यावर राहिली. दुपारी दरदरून घाम, हात थरथर, मशीनवर ५८. ७० च्या खाली आली की थांबायचं नाही, माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे वहिनीला पाठ होतं, म्हणून निभावलं. मग ९६ आली. आता उपास करायचा असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून डोस कमी करतात. साबुदाण्याने तर उलट वाढते, त्यामुळे खिचडी बंदच केली.

गावात लाईट जाते, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी पाण्याच्या माठात ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.६ आली. आई आता सुई स्वतः घेते, भरण्याआधी टोपणाचा रंग मोठ्याने बोलून घेते. पुढच्या महिन्यात तिला डोळ्याचा पडदा तपासायला सोलापूरला न्यायचंय, लघवीतलं प्रोटीन पण त्याच वेळी करून घेणार.